वाड्यातलं बिऱ्हाड आणि मंडळाचं ॲप

ऑक्टोबर २०२३ मधला एक रविवार. सकाळी दहा वाजता दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाची नोंदणी मंडळाच्या ॲपवर सुरू होणार होती. दहा वाजून दोन मिनिटांनी पहिला फोन आला, "काका, साइट उघडत नाहीये." पुढच्या तीन मिनिटांत आणखी आठ फोन. मी स्वतः उघडून पाहिलं, तर पांढऱ्या पानावर इंग्रजीत एकच ओळ होती: '५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड'. म्हणजे, तुमच्या वाट्याचं संपलं.

दुपारपर्यंत कशीबशी नोंदणी झाली. संध्याकाळच्या बैठकीत एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "पुढच्या वर्षी वहीतच नावं घेऊ. वही निदान बंद तरी पडत नाही." दुसऱ्यांचं म्हणणं, मोठा सर्व्हर घ्या. मी दोन्हीला 'थोडं थांबा' म्हटलं. मी आयुष्यभर कारखान्यात मापनयंत्रं सांभाळली, संगणकाचा पदवीधर नाही. पण एवढं कळत होतं की मोठ्या सर्व्हरचे पैसे एक वेळ वर्गणीतून उभे राहतील. तो रोज सांभाळायला माणूस कुठून आणायचा? आणि वहीकडे परत जायचं, तर ग्रंथालयाची सगळी सूची, देवघेव, वर्गणीच्या पावत्या, हे सारं त्याच ॲपमध्ये आहे. त्याचं काय?

त्यानंतरच्या दोन वर्षांत जे शिकलो ते इथे लिहितो आहे. अनेक गावच्या मराठी मंडळांची ॲपं अशाच स्वस्त जागेवर उभी असतात. कुणाला तरी उपयोग होईल.

वाड्यातला नळ

आपलं ॲप ज्या जागेवर आहे तिला 'शेअर्ड होस्टिंग' म्हणतात. दांडिया बाजारातले किंवा रावपुऱ्यातले जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे लगेच समजेल. एकच इमारत, त्यात कितीतरी बिऱ्हाडं, चौकात एक नळ. भाडं कमी. आम्हाला वर्षाला साधारण तीन हजार रुपये पडतात. पण भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा. आपल्या मर्जीनं नवी प्रणाली बसवता येत नाही, दिवसरात्र चालणारा कार्यक्रम ठेवता येत नाही, सर्व्हरची मुख्य किल्ली आपल्याकडे नसते. सीपॅनेल नावाच्या खिडकीतून जेवढं दिसतं तेवढंच आपलं.

पूर्वी अशा इमारतीत एका बिऱ्हाडानं नळ सोडून ठेवला की बाकी सगळे कोरडे राहत. २०१० साली क्लाउडलिनक्स नावाची प्रणाली आली. तिनं प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र मीटर बसवला: इतका प्रोसेसर, इतकी मेमरी, एका वेळी इतक्याच मागण्या. शेजाऱ्याचा त्रास थांबला, पण आपली हद्दही पक्की झाली. ती ओलांडली की ५०८.

वीस दारं

आमच्या योजनेत एका वेळी २० मागण्यांना परवानगी आहे. समजा, २० दारं आहेत. आमचं मुख्य पान तयार व्हायला चार सेकंद लागत होते. म्हणजे प्रत्येक दार चार सेकंद अडलेलं, आणि सेकंदाला जेमतेम पाच माणसं आत. रविवारी दहाच्या ठोक्याला तीनशे माणसं आली. पान उघडेना म्हणून प्रत्येकानं पुन्हा पुन्हा रिफ्रेश केलं, तशी रांग आणखी वाढली.

दारं वाढवणं आमच्या हातात नव्हतं. पण माणूस दारात किती वेळ उभा राहतो, ते होतं. मी पान तपासलं. कुणीही पान उघडलं की ॲप दर वेळी नव्यानं एकूण पुस्तकं मोजायचं, सभासद मोजायचं, देवघेवीच्या साठ हजारांवर नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळून 'या महिन्यात गाजलेली पुस्तकं' काढायचं. पाहुणा आला की दर वेळी जातं मांडून दळायला बसण्यातला प्रकार.

तीन बदल केले. मुख्य पान आता दर पंधरा मिनिटांनी एकदा तयार करून साध्या फाइलच्या रूपात ठेवलेलं असतं. येणाऱ्याला तीच शिदोरी मिळते, पीएचपीला उठवावंच लागत नाही. दुसरं, देवघेवीच्या तक्त्याला सभासद क्रमांकावर आणि तारखेवर सूची लावली. सूची नसलेल्या कपाटात पुस्तक शोधायला सगळं कपाट उपसावं लागतं, डेटाबेसचंही तसंच. तिसरं, फोनवरून चढवलेले चार-चार एमबीचे फोटो बारीक केले. आता पीएचपी जागं होतं ते फक्त नोंदणीचा फॉर्म पाठवताना, आणि ते काम सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात उरकतं. दारं तीच वीस, पण सेकंदाला शंभर माणसं आत जाऊ शकतात. २०२४ च्या दिवाळीत नोंदणीच्या सकाळी माझा फोन वाजला नाही. एकदा वाजला, तो फराळाच्या ऑर्डरसाठी.

मोठी कामं, छोटे घास

दुसरी अडचण निमंत्रणांची. सहाशे सभासदांना ईमेल पाठवायचं. बटण दाबलं की काम सुरू व्हायचं आणि मध्येच तुटायचं. पीएचपीचा मूळ नियम असा की एका पानानं ३० सेकंदांत आवरावं. मालक वरून आपले नियम लावतात ते वेगळेच. आमच्याकडे तासाला २०० ईमेलची हद्द आहे.

इथे 'क्रॉन' कामी येतो. क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी काम करून जाणारा गडी. आमच्याकडे तो पंधरा मिनिटांतून एकदाच येतो. मग त्याला एका वेळी चाळीसच नावं दिली. पत्र गेलं की त्या नावापुढे तिथल्या तिथे खूण. पुढच्या फेरीला खूण नसलेली पुढची चाळीस. तासाला १६० पत्रं, म्हणजे हद्दीच्या आत, आणि सहाशे निमंत्रणं साडेतीन तासांत पोचतात. पोस्टकार्डाला तीन दिवस लागत, तेव्हा कुणाची तक्रार नव्हती.

यातही एकदा फजिती झाली. ईमेलचा सर्व्हर मंद होता, पहिली फेरी संपायच्या आत दुसरी सुरू झाली आणि दोघींनी तीच नावं उचलली. चाळीस जणांना एकच पत्र दोनदा. आता गडी कामाला बसताना दारावर 'काम चालू आहे' अशी पाटी लावतो. पाटी असली तर दुसरा परत जातो. पाटीवर वेळही लिहितो, कारण काम मध्येच मेलं तर पाटी तशीच लटकत राहते. तासाभरापेक्षा जुनी पाटी दिसली, की ती काढून नव्यानं सुरुवात.

दुसरी फजिती घड्याळाची. सर्व्हर अमेरिकेत, त्याचं घड्याळही तिथलं. पाडव्याचं निमंत्रण मी सकाळी आठला लावलं आणि 'सुप्रभात' म्हणणारं पत्र सगळ्यांना संध्याकाळी साडेपाचपासून मिळू लागलं. तेव्हापासून ॲपला भारतीय वेळ स्पष्ट सांगितली आहे, आणि क्रॉनची वेळ आकडेमोड करून लावतो.

ईमेलबद्दल आणखी एक. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याचे नियम कडक केले. आपल्या नावाच्या नोंदीत एसपीएफ आणि डीकेआयएम हे दोन शिक्के नसतील, तर पत्र स्पॅममध्ये पडण्याची किंवा परत येण्याची शक्यता मोठी. सीपॅनेलमध्ये हे काम अर्ध्या तासाचं आहे. 'मला निमंत्रण मिळालंच नाही' हे वाक्य निम्म्यानं कमी झालं.

देवनागरीची दोन दुखणी

पुढचा भाग मराठी मंडळांसाठीच आहे. इंग्रजीत ॲप चालवणाऱ्यांना यांतली पहिली अडचण येत नाही, म्हणून तिचं तयार उत्तरही चटकन मिळत नाही.

पहिलं दुखणं पावतीचं. सर्व्हरवरच्या साध्या पीडीएफ साधनाला अक्षरं एकापुढे एक ठेवता येतात, पण वेलांटी अक्षराच्या आधी काढायची असते, हे कळत नाही. मग पावतीवर 'ललित' चं 'ललति' होतं, 'रोहित' चं 'रोहति'. वर्गणीतला रफार डोक्यावरून उतरून पाय मोडून बसतो. देवनागरी नीट जुळवणारी साधनं आहेत, पण त्यांतली काही आमच्या वाड्यात बसवता येत नव्हती आणि जी बसली ती मेमरी खात होती. शेवटी तोड सोपी निघाली. पावती साध्या पानासारखी दाखवायची आणि छापण्याचं काम सभासदाच्या फोनवर सोपवायचं. तिथला ब्राउझर मराठी अचूक मांडतो, 'प्रिंट' मध्ये जाऊन पीडीएफही करून देतो. सर्व्हरला तोशीस नाही.

दुसरं दुखणं लिहिताना अजून अवघड वाटतं. २०२१ साली आमच्या ग्रंथालयाच्या एक जुन्या कार्यकर्त्या गेल्या. त्यांच्या मैत्रीण असलेल्या मावशींनी, पन्नास वर्षांचा सहवास त्यांचा, ॲपवरच्या श्रद्धांजलीच्या पानावर फोनवरून मजकूर लिहिला. पहिल्या ओळीत नमस्कार, त्यापुढे हात जोडल्याचा इमोजी, आणि मग बराच मोठा मजकूर. पानावर आली ती फक्त पहिली ओळ.

कारण असं: संगणकाच्या युनिकोड पद्धतीत देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट जागा घेतं, इमोजी चार. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये 'यूटीएफ८' नावाचा जो जुना प्रकार आहे, त्यात एका अक्षराला तीनच बाइट मिळतात. आमची मांडणी जुनी आणि सैल होती. चौथा बाइट दिसताच तिनं तिथून पुढचं सगळं कापून टाकलं. कुणाला चूक दाखवली नाही, काही नाही.

मावशी मला भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं, फार लांबलं म्हणून तुम्ही कापलंत." मी कारण समजावून सांगितलं. पुन्हा लिहून द्याल का, असं विचारलं. "आता नाही लिहवत," म्हणाल्या. त्या रात्री बसून सगळे तक्ते 'यूटीएफ८एमबी४' मध्ये बदलले, आणि मजकूर बसत नसेल तर तसं स्पष्ट सांगण्याचा कडक नियम चालू केला. हा प्रकार मायएसक्यूएलमध्ये २०१० पासून उपलब्ध होता. मंडळाचं ॲप त्यानंतरचं. म्हणजे दोष जागेचा नव्हता, आमचा होता. तुमच्या मंडळाचं ॲप जुनं असेल, तर हे आजच तपासा.

विश्वामित्रीचं पाणी

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, ते बडोदेकरांना सांगायला नको. मंडळाच्या तळमजल्यावरच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे दोन दिवस पाण्यात होते. त्यांत ग्रंथालयाच्या जुन्या दाखल नोंदवह्या होत्या. कोणतं पुस्तक कधी आलं, कुणी दिलं, कुणाच्या स्मरणार्थ दिलं, हे सगळं शाईच्या टाकानं लिहिलेलं. पानं सोडवायला गेलो तर लगदा हाती आला.

सुदैव एवढंच की लॉकडाऊनच्या काळात मंडळातल्या सात-आठ भगिनींनी वह्यांच्या फोटोंवरून एकूण एक नोंद ॲपमध्ये टंकली होती. त्या दिवशी लक्षात आलं की तीन हजार रुपये भाड्याच्या बिऱ्हाडात आता या ग्रंथालयाची एकुलती एक सूची राहते आहे.

घरी येऊन बॅकअप उघडून पाहिला आणि हातपाय गार पडले. मे महिन्यापासूनच्या सगळ्या प्रती अर्धवट होत्या. बॅकअप घेणारा आमचा जुना कोड सगळा डेटा आधी मेमरीत भरायचा आणि मग लिहायचा. मुखपृष्ठांचे फोटोही डेटाबेसमध्येच ठेवलेले. फोटो वाढत गेले, मेमरीची हद्द लागली, आणि प्रत मधेच तुटायला लागली. फाइल रोज तयार होत होती म्हणून मी निर्धास्त होतो. ती कधी उघडली नव्हती. शिवाय त्या प्रती होत्या त्याच खात्यात, म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच. मूळ डेटा शाबूत होता म्हणून निभावलं. त्या तीन महिन्यांत खातं बंद झालं असतं, तर पुरानं सोडलेलंही गेलं असतं.

आता फोटो डेटाबेसबाहेर फायलींत आहेत. प्रत काढायला मायएसक्यूएलचंच साधन वापरतो, ते एकेक ओळ वाचत लिहितं, सगळं डोक्यावर घेत नाही. प्रत रोज बाहेर जाते: एक एका सभासदाच्या घरच्या संगणकावर, एक क्लाउडवर, आणि महिन्यातून एकदा तिसरी वेगळ्या डिस्कवर. आजची फाइल कालच्यापेक्षा लहान निघाली तर मला ईमेल येतं. आणि दर महिन्याला एक प्रत कोऱ्या संगणकावर पूर्ण उभी करून पाहतो. उभी राहिली तरच तिला बॅकअप म्हणायचं.

किल्ल्यांची वही

पण सगळ्यात मोठा धोका यंत्राचा नव्हताच. हे ॲप २०१४ साली आमच्यातल्याच एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं हौसेनं बांधलं. पुढे तो कॅनडाला गेला. खातं त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर, ओटीपी त्याच्या जुन्या नंबरावर. पीएचपी ५.६ च्या सुरक्षा दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०१८ ला थांबल्या. जागेच्या मालकांनी नवी आवृत्ती लावण्याच्या सूचना पाठवल्या असणार, पण त्या पोचल्या एका बंद झालेल्या पत्त्यावर. एके सकाळी ॲपचं पान कोरं. डेटाबेसशी बोलणारी जुनी 'मायएसक्यूएल' फंक्शन्स पीएचपी ७ मधून काढून टाकलेली, आणि आमचा सगळा कोड त्यांच्यावर उभा. तीन दिवस ॲप बंद होतं. त्या मुलानं रात्री जागून फोनवर मला वाट दाखवली. माझी या कामाशी ओळख झाली ती तेव्हा.

म्हणून आता कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक साधी वही आहे. साइटचं नाव कुठे घेतलं, नूतनीकरणाची तारीख कोणती, होस्टिंगचं खातं कुणाच्या नावावर, पीएचपीची कोणती आवृत्ती चालू आहे, क्रॉन किती वाजता, बॅकअप कुठे, तो उभा कसा करायचा. पासवर्ड वहीत नाहीत, बंद पाकिटात अध्यक्षांकडे आहेत. खातं मंडळाच्या ईमेलवर आहे, एका माणसाच्या नाही. मालकानं आवृत्ती बदलायची सूचना दिली, की आधी ॲपची दुसरी प्रत एका उपपत्त्यावर उभी करून तिथे चालवून बघतो.

मोठा सर्व्हर कधीच घेऊ नये, असं माझं म्हणणं नाही. कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण किंवा दिवसरात्र जागं राहणारं काही हवं असेल, तर वाडा सोडायलाच लागेल. पण आपल्याला लागतं ते सूची, देवघेव, वर्गणी आणि वर्षातून चार नोंदण्या. बडोद्याला ही रीत नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयाचं खातं उभं केलं. त्या खात्याकडून गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या जात. पेटीत मावतील तेवढीच पुस्तकं, पण ती गावापर्यंत पोचत.

या वर्षीच्या एप्रिलपासून मंडळातली एक कॉलेजात जाणारी मुलगी माझ्याबरोबर हे काम शिकते आहे. गणपतीच्या आधीच्या रविवारी मी तिला फक्त वही आणि बॅकअपची फाइल दिली आणि म्हटलं, मी चहा करतो, मला काही विचारायचं नाही. एक तास दहा मिनिटांनी तिच्या लॅपटॉपवर अख्खं ग्रंथालय उभं होतं. चालतंय का बघायला तिनं शोधाच्या चौकटीत सहज आपल्या पणजीचं नाव टाकलं. नोंद आली: १९६२, अकरा पुस्तकं, यजमानांच्या स्मरणार्थ भेट. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. ती बराच वेळ बघत बसली. चहा गार झाला.

वहीच्या पहिल्या पानावर ॲप सांभाळणाऱ्यांची नावं लिहायला तीन ओळी आखल्या आहेत. पहिल्या ओळीत मी, दुसरीत आता ती. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अकरा वाजता आम्ही मंडळात बसतो. संगणक यायलाच हवा असं नाही, नेटकेपणानं वही लिहिता आली तरी पुरे. तिसरी ओळ अजून रिकामी आहे.